चार भाषांच्या वह्या आणि माझा अभिप्राय

मी एका खऱ्या माणसाला खोटं ठरवलं. लेखी आणि सहीनिशी ठरवलं, पण ती सही त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही अशी सोय होती. त्याने पापुआ न्यू गिनीतल्या एका डोंगराळ खोऱ्यात दहा-अकरा वर्षं राहून तिथल्या चार भाषांची माहिती वह्यांत उतरवली होती. त्या वह्या छापायच्या की नाहीत हे ठरवताना विद्यापीठाने माझा अभिप्राय मागवला, आणि छापू नयेत असं मी चार पानांत लिहून दिलं. त्यातलं कुठलंही वाक्य सुटं काढून पाहिलं तर खोटं नाही. सगळं मिळून मात्र खोटं आहे, आणि ते मला लिहितानाही ठाऊक होतं.

आता मी त्यांना गुरुजी म्हणतो. तेव्हा मनातल्या मनात 'तो' म्हणायचो, म्हणून वरती तसंच लिहून गेलं. राहू देतो.

1999 मध्ये मी गोंदियाच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो. एम.ए.ला भाषाविज्ञानाचे दोन पेपर घेतले होते. तेवढ्या भांडवलावर मी जिल्ह्यात भाषेतला जाणकार ठरलो. तलाठ्याला जुन्या कागदावरचा शब्द लागला नाही की तो माझ्याकडे यायचा. लग्नपत्रिकांचं शुद्धलेखन लोक माझ्याकडून तपासून घ्यायचे. मला ते आवडायचं. आमचं घर पोवार समाजाचं, शेती बरी, घरात सगळे पोवारी बोली बोलतात. कॉलेजात मात्र मी ती तोंडातून निघू देत नसे. वर्गात पुण्याची मराठी आणि स्टाफरूममध्ये गोंदियाची हिंदी.

दोनेक वर्षांनी, हिवाळ्यात, गुरुजी पहिल्यांदा आले. सौंदडहून सकाळच्या पॅसेंजरने आले होते. साठीच्या आसपासचे, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर कापडी पिशवी. नवेगाव बांधच्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांचं घर होतं.

"जयभीम, सर," ते म्हणाले.

"नमस्कार," मी म्हणालो. "बसा."

"भाषेचं पाहता म्हणे तुमी."

"थोडंफार."

"मंग हे पाहा जरा."

पिशवीतून त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या पाच वह्या काढल्या. तरुणपणी ते गणिताचे शिक्षक म्हणून करारावर पापुआ न्यू गिनीला गेले होते. बायकोही बरोबर होती. शाळा डोंगरात होती, मुलं तीन भाषांची. गणितात 'प्रत्येकी' म्हणजे काय हे समजावताना या मुलांच्या घरी कसं बोलतात ते कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी मुलांना गृहपाठ दिला: घरून वीस वीस शब्द आणा. पाणी, दगड, ऊ, कान, विस्तव. त्यातून हे सगळं सुरू झालं. शाळेच्या मागे दोन म्हाताऱ्या राहायच्या, नणंद आणि भावजय. त्यांची चौथीच भाषा होती. ती बोलणारं त्या दोघींखेरीज कुणी उरलं नव्हतं. त्यांची नातवंडं सगळ्यांची मिळून झालेली बाजारभाषा बोलायची.

"निघताना त्या दोघीइले म्हटलं, तुमची भाषा पुस्तकात टाकतो," गुरुजी म्हणाले. "त्या हासल्या. म्हणे, पुस्तकात बसन का ती? लहान जागेत राहाची सवय नाही तिले."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कामाचं बोलले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. "नजर जाऊन राहिली हळूहळू. डोळे आहेत तोवर छापून झालं पाहिजे. मी देवनागरीत लिहिलं, पण तिकडचे आवाज आपल्या अक्षरात बसत नाहीत. म्हणून खुणा केल्या, वरती टिंब, खालती आडवी रेघ. त्या खुणा माझ्याशिवाय कोणाले लागत नाहीत. प्रूफं मलेच पाहा लागतीन."

त्यांना विद्यापीठाच्या प्रकाशनाच्या योजनेत अर्ज करायचा होता. मी म्हणालो, वह्यांची छायाप्रत ठेवून जा, वाचतो. ते खूश होऊन गेले.

मी वाचायला घेतलं ते संशय घेऊनच. वह्या स्वच्छ होत्या. बारीक अक्षरात मजकूर, ठळक अक्षरात मथळे, समास आखलेला, एकही खाडाखोड नाही. शेतात, पावसात, लोकांच्या मागे फिरून घेतलेली टिपणं अशी असतात का? मी स्वतः कधी अशी टिपणं घेतली नव्हती. पण पुस्तकात वाचलं होतं की ती मळकी असतात.

मजकूरही मला फार सरळ वाटला. त्या चारही भाषांत क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. आपण म्हणतो, 'तो घरी येऊन, हातपाय धुऊन जेवला.' येणारा, धुणारा आणि जेवणारा एकच, म्हणून 'ऊन' चालतं. माणसं वेगळी असली की 'तो आल्यावर ती जेवली' असं वळण घ्यावं लागतं. त्या खोऱ्यात हे क्रियापदाच्या शेपटीतच सांगतात: पुढचं काम करणारा हाच आहे, की आता दुसरा कुणी येतो आहे. त्यामुळे माणूस उठला, डुक्कर पळालं, बायको ओरडली, त्याने दोर घेतला, कुत्रं भुंकलं, असं वीस कामांचं एकच वाक्य होतं, आणि कोण काय करतंय ते नावं पुन्हा पुन्हा न घेता कळतं. काळ फक्त अगदी शेवटच्या क्रियापदावर. हे घडलं की घडणार आहे, ते कळायला तिथवर थांबायचं.

मला वाटलं, याने आपलं 'येऊन-जाऊन' उचललं आणि तिकडे चिकटवलं.

इतिहासाचा भाग दुसऱ्या वहीत होता. 'मी' आणि 'तू' चारही भाषांत एकाच साच्यातले. 'आपण दोघं' आणि 'आपण सगळे' यांना वेगवेगळे शब्द. एका भाषेत शब्द 'प'ने सुरू होत असेल तर कड्यापलीकडच्या भाषेत तो 'ह'ने सुरू व्हायचा, आणि तेही दगड, पाऊस, ऊ अशा घरगुती शब्दांत, पानामागून पान. त्यावरून गुरुजींनी मांडलं होतं की पहिल्या तिघी सख्ख्या बहिणी आणि चौथी फार आधी वेगळी निघालेली. तिथले लोक सांगायचे की पूर्वी सगळे नदीच्या संगमावर राहत होते, डुकराच्या वाटणीवरून भांडले, आणि जो तो आपापला कडा चढून गेला. त्याखाली चौकट आखून लिहिलं होतं, 'ही त्यांची गोष्ट. पुरावा नाही.' भाषांच्या या छोट्या कुटुंबाचं बाहेरच्या मोठ्या भाषाकुटुंबांशी नातं आहे का, या प्रश्नाखाली पुन्हा चौकट: 'माहीत नाही.' असे 'माहीत नाही' पानोपानी होते. खोटं रचणारा माणूस इतक्या वेळा माहीत नाही म्हणत नाही, हे मला सुचायला हवं होतं. मला वाटलं, जिथे रचता आलं नाही तिथे त्याने असं लिहून वेळ मारून नेली.

कॉलेजातल्या हेडक्लार्कला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "सर, ये बस्तर में रहा होगा. वहाँ भी जंगल, यहाँ भी जंगल. पापुआ बोल दिया, कौन देखने जाएगा?"

पुढच्या वेळी गुरुजी आले तेव्हा मी आडून आडून पासपोर्टचा विषय काढला. त्यांनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं आणि म्हणाले, "आणतो जी." पुढच्या शनिवारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला. शिक्के होते, वर्षं जुळत होती. मी पानं उलटली आणि परत दिला. मग मनाशी म्हणालो, तिकडे गेला होता हे खरं, पण गणित शिकवायला. भाषा शिकला कशावरून? आमच्या समाजातले एखादे गुरुजी अशा वह्या घेऊन आले असते तर मी त्यांचा पासपोर्ट मागितला असता का, हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारला नाही. उत्तर माहीत असलं की प्रश्न विचारायचा राहून जातो.

बस्तरचा किडा मात्र डोक्यातून गेला नाही. एका रविवारी नागझिऱ्याच्या अभयारण्यात गेलो. तिथल्या फाटकावरचा चौकीदार गोंडी बोलायचा, बस्तरातही तीच चालते. मी वहीतले तीसेक शब्द कागदावर उतरवून नेले होते, ते त्याला वाचून दाखवले.

"सर, हे कोंबड्यायले बोलवाचे शब्द हायेत काय?" त्याने विचारलं.

"गोंडीतलं यात काहीच नाही?"

"एक बी नाही जी. तुमाले कोनं फसवलं?"

शब्द जुळले असते तर मी म्हणालो असतो, गोंडीतून चोरले. जुळले नाहीत, तेव्हा परतीच्या वाटेवर मी ठरवून टाकलं की शब्द मनानेच रचले आहेत. दोन्ही बाजूंनी माणूस खोटाच निघेल असा विचार मी करत होतो, आणि त्याला मी तपासणी म्हणत होतो.

त्यानंतर एकदा मी न कळवता त्यांच्या गावी गेलो. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, गुरुजी कुठे होते इतकी वर्षं? तो म्हणाला, "बाहेर होते जी. कुठं होते काय माहीत. अरबात असन." हेही मी लक्षात ठेवलं. गुरुजींनी मला पाहिलं तेव्हा आनंदाने घरात नेलं. बायकोला हाक मारली, "अवो, कालेजचे सर आले." काकूंनी कोरा चहा आणि मुरमुरे आणून ठेवले आणि त्या दाराच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. पाहुणा पुरुष आला की बाई तिथे बसत नाही, आमच्याकडेही तसंच. मी त्यांना एक शब्दही विचारला नाही.

मी गुरुजींना विचारलं, "मूळ टिपणं कुठे आहेत? रफ?"

"रफ कायले ठेवाचं? फेअर झालं की फाडून टाकलं."

"सगळं?"

"मी डी.एड.ले होतो तवापासून सवय आहे. फेअर केलं की रफ नाही ठेवाचं. पोरायलेही तेच शिकवलं." मग म्हणाले, "आणि तिकडं तर ठेवताच येत नव्हतं, सर. आठ महिने धुकं. कागदाले बुरशी लागे, काळी, अक्षर खाऊन टाके. दर तीन-चार वर्षानं नव्या वहीत उतरवा लागे. ही तिसरी उतरवलेली आहे. जुनी चुलीत गेली."

आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला हे पटायला हवं होतं. रफ आणि फेअर, दोन वह्या. फेअर झाली की रफची पानं पतंगाला, नाहीतर चुलीला. मी तसाच शिकलो होतो. मान डोलावून मी चहा पिऊन निघालो.

2003 मध्ये विद्यापीठाकडून माझ्याकडे पाकीट आलं. गुरुजींचा अर्ज, अभिप्रायासाठी. अभिप्राय देणाऱ्याचं नाव लेखकाला कळवलं जात नाही, असं छापील सूचनेत होतं. मी दोन दिवस बसून चार पानं लिहिली. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'मूळ टिपणे उपलब्ध नाहीत, ती आपण स्वतःच नष्ट केल्याचे लेखक सांगतात.' खरं होतं. बुरशीबद्दल मी लिहिलं नाही. 'लेखकाच्या परदेशातील वास्तव्याच्या स्वरूपाबद्दल त्यांच्या गावातही निश्चित माहिती नाही.' हेही खरं. पासपोर्टबद्दल लिहिलं नाही. 'वर्णिलेल्या व्याकरणाचे मराठीशी साम्य लक्षणीय आहे.' साम्य होतंच. 'सादर केलेल्या शब्दांची स्वतंत्र पडताळणी होऊ शकली नाही.' चौकीदाराबद्दल लिहिलं नाही. शेवटी लिहिलं, 'प्रकाशनाची शिफारस करता येत नाही.'

आणखी एक सांगायचं राहतं, आणि ते सगळ्यात लाजिरवाणं. पाचवी वही मी वाचलीच नव्हती. ती मोजणीवर होती. गणिताचा मास्तर मोजणीवर लिहिणारच, असं म्हणून बाजूला ठेवली.

तीनेक महिन्यांनी गुरुजी आले. हातात नकाराचं पत्र होतं. माझ्या टेबलासमोर बसले आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. त्यात माझीच वाक्यं होती, अवतरणचिन्हांत.

"सर, हे कोनं लिहिलं असन?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. ते गुप्त असतं."

"नागपूरचा असन कोणी मोठा माणूस." त्यांनी पत्राची घडी घातली. "तुमी तर वाचल्या ना वह्या. तुमाले खरं वाटलं ना?"

"हो," मी म्हणालो.

एवढा एक शब्द मी सरळ खोटा बोललो. ते उठले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "तेवढं पुरे आहे." त्यानंतर ते आले नाहीत. त्यांनी पुन्हा अर्जही केला नाही. वह्यांच्या छायाप्रती माझ्या लोखंडी कपाटात राहिल्या. मी त्या परत केल्या नाहीत, कारण परत करायला गेलो तर तोंड दाखवावं लागलं असतं.

नऊ वर्षं गेली. 2012 च्या डिसेंबरात आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर नवेगाव बांधला होतं आणि मी त्याचा कार्यक्रम अधिकारी होतो. एक दिवस सौंदडला सामान आणायला जाताना गुरुजींचं गाव लागलं. पुढे निघून जाता आलं असतं. गाडी थांबवली ती का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. गुरुजी आहेत की नाहीत, एवढं पाहून जावं असं वाटलं. नसते तर मी सुटलो असतो, हाही विचार मनात होता. लिहायला नको वाटतं, पण होता.

अंगणात धानाचे भारे येऊन पडले होते. काकू एकट्याच ते रचून ठेवत होत्या आणि रचता रचता मोजत होत्या. एक भारा ठेवला की उजव्या हाताने डाव्या हाताला कुठेतरी शिवायच्या आणि ओठांत काही पुटपुटायच्या. आधी बोटं, मग मनगट, मग कोपराखालचा भाग, कोपर, दंड, खांदा. त्यानंतरचा भारा ठेवला आणि मानेला हात लावला. मग कानाला. मग डोळ्याला.

मी फाटकातच उभा राहिलो.

"काकू, हे काय करून राहिले तुम्ही?"

त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं, पण चेहऱ्यावर काही आलं नाही.

"मोजून राहिली. दिसत नाही का?"

"असं?"

"तिकडच्या बाया अशाच मोजत. नाकापर्यंत गेलं का मंग दुसऱ्या बाजूनं खाली उतराचं. मले सवय पडली. भूल होत नाही." मग म्हणाल्या, "थांबा, नाहीतर भुलन मी." त्यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं, तो शब्द म्हटला, आणि पुढचा भारा उचलला.

मोजणी संपल्यावर त्या ओट्यावर बसल्या. गुरुजी सौंदडला दवाखान्यात गेले होते, मुलगा घेऊन गेला होता. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं, उजेड-अंधार तेवढा कळायचा. मी विचारलं, त्या दोन म्हाताऱ्यांची भाषा तुम्हाला येते का?

"येते का म्हणजे? मीच तर शिकली. हे शाळेत राहत. मी दिवसभर त्यायच्या वावरात, रताळे खोदाले. पुरुषमाणसासमोर त्या त्यायची भाषा बोलतच नव्हत्या. लाज वाटे त्यायले. मी घरी येऊन सांगो आणि हे लिहीत." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "वहीत पहिल्याच पानावर लिहिलं आहे यायनं. तुमी वाचलं नाही?"

वाचलं होतं. 'चौथ्या भाषेचे सर्व माझ्या पत्नीकडून मिळाले.' सगळेच लेखक बायकोचे आभार मानतात, तसं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"त्या दोघी आहेत का अजून?"

"एक आम्ही इकडं आलो त्याच वर्षी गेली. मंग दुसरीही गेली म्हणून शाळेतल्या फादरचं पत्र आलं होतं. आता मी कोणाशी बोलन? कोंबड्यायले बोलते कधी कधी. त्यायले समजते."

शिबिर संपवून गोंदियाला आलो तो थेट कपाटाकडे. पाचवी वही उघडली. करंगळीपासून मनगट, कोपर, खांदा, मान, कान, डोळा, नाक, मग दुसऱ्या बाजूने खाली. प्रत्येक जागेसमोर शब्द, चारही भाषांतला. चौथ्या भाषेच्या रकान्यातला नाकाचा शब्द मी अंगणात ऐकला होता, तोच होता. कॉलेजच्या संगणकावर बसलो. त्या बेटावरच्या डोंगरांत अंगावर मोजणाऱ्या पुष्कळ भाषा आहेत, आणि करणारा बदलला की क्रियापदाची शेपटी बदलणाऱ्याही पुष्कळ, हे मला दहा मिनिटांत वाचायला मिळालं. 2003 मध्ये नागपूरच्या ग्रंथालयात एक दिवस काढला असता तरी मिळालं असतं. मी नागझिऱ्याला गेलो, शेजाऱ्याकडे गेलो, ग्रंथालयात गेलो नाही. मला माहिती नको होती, मला तो माणूस पकडायचा होता.

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डर घेऊन पुन्हा गेलो. गुरुजी आत झोपले होते. मी काकूंना हळू आवाजात सांगितलं की तुमची भाषा आवाजात भरून घेऊ, खुणा कशा वाचायच्या ते गुरुजींना तोंडी विचारू, अजून वेळ गेलेली नाही.

त्यांनी रेकॉर्डरकडे पाहिलं, हात लावला नाही.

"तेव्हा आमच्या यायचं काम बुडवलं ते कोनं, तुमाले माहीत आहे," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

मी रेकॉर्डर पिशवीत परत ठेवला.

"मी यायले तेव्हाच म्हटलं होतं, या सरचं मन साफ नाही. न सांगता घरी आला, शेजाऱ्याले विचारून गेला. शेजारी काय आमाले सांगत नाही का? आणि रफ फाडल्याचं तर फक्त तुमालेच सांगितलं होतं यायनं. पण हे म्हणत, नाही, सर चांगले आहेत, सरनं वह्या वाचल्या. अजून म्हणते तो भोळा माणूस." पदराने त्यांनी हात पुसले. "त्यायले सांगा आधी. तुमच्या तोंडानं. मंग मी बोलन तुमच्या डब्ब्यात. नाही सांगितलं, तर माझ्यासंगच जाऊ द्या ती भाषा."

मी घरी आलो. विद्यापीठाला पत्र लिहिलं: तो अभिप्राय माझा होता, त्यात मी अमुक तमुक गोष्टी जाणूनबुजून वगळल्या, तो रद्द समजावा. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते सोपं गेलं. अनोळखी माणसाला लिहायचं होतं. मग जुन्या अभिप्रायाची माझ्याकडची प्रत काढली आणि रविवारी सकाळी सौंदडची गाडी धरली.

गुरुजी अंगणात उन्हात खाटेवर बसले होते. काकू ओट्यावर धान पाखडत होत्या. आज त्या दाराआड गेल्या नाहीत.

"कोण?" गुरुजींनी विचारलं. मी नाव सांगितलं. "अरे वा, सर. या, या. किती वर्षानं. आमची बाई म्हणे तुमी येऊन गेले."

"गुरुजी, तुम्हाला एक वाचून दाखवायचं आहे."

"वाचा जी."

मी चारही पानं मोठ्याने वाचली. कुणाचं आहे ते आधी सांगितलं नाही, तेवढा धीर नव्हता. ते मान किंचित कलती करून, तोंडी परीक्षा घेणारा मास्तर उत्तर ऐकतो तसे ऐकत होते. काकूंचं सूप थांबलं होतं. शेवटी मी खालची सही वाचली.

त्यांनी मान सरळ केली.

"ते रफचं पुन्हा वाचा," मग म्हणाले.

वाचलं.

"बुरशीचं सांगितलं होतं मी तुमाले."

"सांगितलं होतं."

"मंग काऊन नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर तुमचं खरं ठरलं असतं."

"आणि माझं खरं ठरलं तर तुमचं काय जात होतं, सर?"

हे उत्तर मी येताना गाडीत चार-पाच प्रकारे जुळवलं होतं. ते सगळे प्रकार मी सोडून दिले. मी खाली जमिनीवर बसलो, त्यांच्या पायांशी, म्हणजे आवाज त्यांच्यापर्यंत नीट जावा.

"माझं काहीच जात नव्हतं, गुरुजी," मी म्हणालो. "जिल्ह्यात भाषेतलं कळणारा मी एकटा, असं मला वाटायचं. तुम्ही मला येत नव्हतं ते घेऊन आलात. दुसरा कुणी असता तर कदाचित सहन झालं असतं. पण तुम्ही बौद्ध मोहल्ल्यातले, आणि पोवारांच्या घरातला मी. तुमच्याकडून शिकायची माझी तयारी नव्हती, म्हणून तुम्ही खोटे असावेत असं मला हवं होतं. आमच्यातल्या माणसाला मी पासपोर्ट मागितला नसता. पाचवी वही मी उघडलीसुद्धा नव्हती. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना काही विचारावं असं मला वाटलं नाही. आणि तुम्ही पत्र घेऊन आलात तेव्हा मी तुमच्या तोंडावर 'हो' म्हणालो. तुमचे डोळे होते तोवरची वर्षं मी घालवली. ती मला परत देता येत नाहीत. माझं चुकलं, गुरुजी. मी तुमची माफी मागतो. काकू, तुमचीही मागतो."